कव्हरची मागची बाजू

'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची रेकॉर्ड. सगळी मिळून जेमतेम १० मिनिटं. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनं ती २८ डिसेंबर १९७६ रोजी एका दिवसात रेकॉर्ड केली आणि महिन्याभरात स्वतःच बाजारात आणली. त्या काळी रेकॉर्ड काढायची म्हणजे लंडनच्या एखाद्या मोठ्या कंपनीची मर्जी सांभाळणं आलं. या पोरांनी घरून आणि मित्रांकडून ५०० पाउंड उसने घेतले, 'न्यू हॉर्मोन्स' नावाचं लेबल काढलं आणि हजार प्रती छापून घेतल्या. त्या खपल्या, मग आणखी छापल्या. असं करत करत आकडा १६ हजारांच्या आसपास गेला.

गाणी चांगली आहेत. 'बोरडम'मध्ये एक गिटार सोलो आहे, त्यात सूर फक्त दोन. तेच दोन सूर पुन्हा पुन्हा, सायरनसारखे. पण मी ज्यासाठी ही रेकॉर्ड काढून बसलोय ती गोष्ट कव्हरच्या मागे आहे. तिथे प्रत्येक गाण्यासमोर लिहिलंय की हा कितवा टेक आणि त्यावर नंतर काय चढवलंय. एक गाणं तिसऱ्या टेकमध्ये जमलं, वरून काही नाही. बाकीची तीन पहिल्याच टेकमध्ये, वर गिटारचा एकेक थर. बस, एवढंच.

रेकॉर्डच्या मागे एरवी काय असतं? विचारमग्न फोटो, आभार, फार तर कुणाचे चार कौतुकाचे शब्द. गाणं कसं बनलं हे सहसा कुणी सांगत नाही. न सांगण्यातच त्याचं वजन आहे असा समज असतो. मी पोटासाठी कोड लिहितो. त्यामुळे ती मागची बाजू पाहिली तेव्हा मला रीडमी फाइल आठवली. कुठल्याही बऱ्या ओपन सोर्स प्रोजेक्टसोबत ती असते: आत काय आहे, कसं बनवलंय, तुमच्या मशीनवर चालवायचं तर काय काय लागेल. ती वापरणाऱ्याच्या सोयीची असतेच, पण उद्या तसंच काहीतरी बनवू पाहणाऱ्याला तिचा जास्त उपयोग होतो.

रॉक अँड रोलमध्ये पंकचा खरा अर्थ काय, यावर जवळजवळ पन्नास वर्षं भांडणं चालू आहेत. माझं उत्तर त्या मागच्या बाजूवर आहे. पण आधी नेहमीची उत्तरं तपासून घेऊ, कारण त्यातल्या प्रत्येकात थोडं तथ्य आहे आणि कुठलंच शेवटपर्यंत टिकत नाही.

सगळ्यात सोपं उत्तर: पंक म्हणजे एक आवाज. तीन कॉर्ड, बेफाम वेग, गिटारचा खरखराट, दोन मिनिटांत खेळ खल्लास. न्यूयॉर्कचे रमोन्स हा याचा नमुना. एप्रिल १९७६ मध्ये आलेला त्यांचा पहिला अल्बम म्हणजे १४ गाणी, २९ मिनिटं आणि सुमारे ६,४०० डॉलर खर्च. पण रमोन्स ज्या बारमध्ये वाजवायचे त्या सीबीजीबीमध्येच टेलिव्हिजन नावाचा बँड होता, ज्याचं 'मार्की मून' दहा मिनिटांचं आहे आणि त्यात गिटारचे लांबलचक, नाजूक विणीचे सोलो आहेत. तिथेच पॅटी स्मिथ कविता म्हणता म्हणता गायला लागायची. तिथेच सुइसाइड नावाची जोडगोळी वाजवायची, त्यांच्याकडे तर गिटारच नव्हती. या सगळ्यांना तेव्हा पंकच म्हणत. बारचा मालक हिली क्रिस्टल याला खरं तर कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज हवं होतं, सीबीजीबी ही त्याचीच आद्याक्षरं. आलं भलतंच. त्यानं ते येऊ दिलं, यातच त्याचं मोठेपण.

आणि साधं म्हणजे सोपं हाही गैरसमज. जॉनी रमोन गिटारवर हात फक्त वरून खाली मारायचा, खालून वर नाही, आणि तेही त्या वेगात, गाण्यामागून गाणी. मी गिटार शिकत होतो तेव्हा करून पाहिलंय. दुसऱ्या मिनिटाला मनगट भरून येतं.

दुसरं उत्तर: पंक म्हणजे पेहराव. फाटके कपडे, सेफ्टी पिना, उभे केलेले केस. याचा उगम फार काही गूढ नाही, ते एक दुकान होतं. लंडनच्या किंग्ज रोडवर ४३० नंबरला मॅल्कम मॅक्लॅरेन आणि व्हिव्हियन वेस्टवूड यांचं कपड्यांचं दुकान, आणि त्या दुकानाच्या आगेमागे जमलेल्या पोरांतून सेक्स पिस्टल्स उभे राहिले. दुकानदारच मॅनेजर. पिस्टल्स मला आवडतात, त्यांनी दार लाथेनं उघडलं हे खरंच आहे. पण त्यांच्या बंडाचा गणवेश पहिल्या दिवसापासून विकायला होता हेही तितकंच खरं.

तिसरं उत्तर जरा गंभीर आहे: पंक म्हणजे दचकवणं, जे पवित्र मानलं जातं त्याला धक्का देणं. इथे मला पंकचा सगळ्यात लाजिरवाणा भाग आठवतो. १९७६-७७ मध्ये सूझी सू, सिड व्हिशस यांच्यासारखे लोक अंगावर नाझी स्वस्तिक मिरवत होते. (आपल्या उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाशी गल्लत नको; हे हिटलरच्या पक्षाचं चिन्ह, आणि लंडनवर त्याचे बॉम्ब पडून तेव्हा जेमतेम तीस-पस्तीस वर्षं झाली होती.) ते नाझी नव्हते, आईबापांच्या पिढीला डिवचायचं होतं, असं त्यांच्या बाजूनं सांगितलं जातं. असेल. पण डिवचल्या जाणाऱ्यांत ज्यांची घरंदारं छळछावण्यांत संपली असेही लोक होते. त्यांच्या जखमेवर पाय देऊन मिळवलेलं स्वातंत्र्य मला फार स्वस्तातलं वाटतं. पंकला दचकवण्याचं शास्त्र मानलं तर त्या पट्टीला आणि खऱ्या धाडसाला एकाच मापानं मोजावं लागेल.

हे मोजमाप त्या काळातल्या लोकांनाही करावंच लागलं. ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमला एरिक क्लॅप्टननं स्टेजवरून स्थलांतरितांविरुद्ध भाषण ठोकलं. काळ्या लोकांच्या ब्लूजवर ज्याची सगळी कारकीर्द उभी, त्यानं. त्यावरच्या संतापातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये तिच्या मंचावर द क्लॅश होते, एक्स-रे स्पेक्स होते, आणि स्टील पल्स हा काळ्या मुलांचा रेगे बँडही होता.

मग पंक म्हणजे डावी विचारसरणी? तेही नाही. २००२ मध्ये रमोन्सना 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये घेतलं, तेव्हा याच जॉनी रमोननं मंचावरून अध्यक्ष बुश यांच्यासाठी देवाचे आशीर्वाद मागितले. तो आयुष्यभर कट्टर रिपब्लिकन होता. त्याला पंकमधून वगळायचं तर पंकमध्ये उरणार कोण?

आता थोडं मागे जाऊ, कारण हा प्रश्न पंकपुरता नाही, रॉक अँड रोलच्या पोटातला आहे. सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी, लिटल रिचर्ड यांचं संगीत मुळात कमी साधनांचं, कमी कॉर्डचं आणि दणक्याचं. १९५६ मध्ये लॉनी डॉनेगनच्या एका गाण्यामुळे इंग्लंडभर स्किफलची साथ पसरली. चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी बांधून बेस, कपडे घासायच्या पत्र्यावर ताल. अशा शेकडो पोरकट बँडांपैकी लिव्हरपूलचा क्वॉरीमेन हा पुढे बीटल्स झाला. अमेरिकेत १९६३ मध्ये किंग्जमेन या बँडनं 'लुई लुई' असं काही गायलं की शब्दच कळेनात. त्यात अश्लील काही असावं या संशयानं एफबीआयनं चौकशी केली आणि शेवटी काही समजत नाही असं लिहून फाइल मिटवली. (सरकारी खर्चानं झालेलं इतकं मन लावून श्रवण दुसऱ्या कुठल्या गाण्याच्या वाट्याला आलं असेल असं वाटत नाही.) गराजमध्ये वाजवणाऱ्या अशा विस्मृतीतल्या बँडांचा संग्रह लेनी के यानं १९७२ मध्ये 'नगेट्स' नावानं काढला. त्यांना 'पंक रॉक' हे नाव तेव्हाच मिळालेलं होतं, रमोन्सच्या जन्माआधी. हा लेनी के पुढे पॅटी स्मिथचा गिटारवादक.

म्हणजे जे १९७६ ला नवं म्हणून आलं ते रॉक अँड रोलमध्ये दर दहा वर्षांनी येतच होतं. दार उघडतं, रस्त्यावरची पोरं आत शिरतात, त्यातली काही श्रीमंत होतात, आणि दार हळूहळू जड होत जातं. ते कुणी मुद्दाम बंद करतं असं नाही. साधनं महागतात, स्टुडिओचे दिवस वाढतात, कौशल्याची उंची वाढते. मे १९७५ मध्ये रिक वेकमननं वेम्बलीत राजा आर्थरची कथा चक्क बर्फावर सादर केली, ऑर्केस्ट्रा आणि स्केटिंग करणाऱ्यांसह. वेकमन कलावंत म्हणून थोर आहे, त्याची थट्टा करायची मला हौस नाही. पण ते बघून घरी गेलेल्या पंधरा वर्षांच्या पोराला दुसऱ्या दिवशी काय करावंसं वाटलं असेल? टाळ्या वाजवण्यापलीकडे त्याला काही करता येण्यासारखं होतं का? सॉफ्टवेअरमध्येही हे रोज बघतो. कुणाला न समजणारी सिस्टिम बनवायची असं ठरवून कुणी बसत नाही. दहा हुशार लोक दहा वर्षं भर घालत राहतात आणि अकरावा आला की त्याला नुसतं बघत बसावं लागतं.

म्हणून पंकवाल्यांना जुनं संगीत आवडत नव्हतं ही गोष्टही अर्धवट आहे. पिस्टल्सचा जॉनी रॉटन 'पिंक फ्लॉइडचा तिटकारा' जाहीर करणारा टी-शर्ट घालून फिरायचा. आणि १९७७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या कॅपिटल रेडिओनं त्याला आपल्या आवडीच्या रेकॉर्ड लावायला बोलावलं, तर त्यानं रेगे लावलं, कॅन हा जर्मन बँड लावला, पीटर हॅमिल लावला. चांगला कान होता त्याचा. भांडण संगीताशी कमी आणि अंतराशी जास्त होतं.

हे अंतर याआधीही तुटलं होतं, स्किफलनं तोडलं, गराजनं तोडलं. पंकनं त्यात भर काय घातली? माझ्या मते त्यांनी ते कसं तोडायचं हे लिहून ठेवलं. जानेवारी १९७७ मध्ये 'साइडबर्न्स' या हातानं बनवलेल्या छोट्या मासिकात एक चित्र आलं. ('स्निफिन ग्लू' या जास्त गाजलेल्या मासिकाला त्याचं श्रेय बऱ्याचदा दिलं जातं, ते चूक.) गिटारच्या तारांवर बोटं कुठे ठेवायची ते दाखवणाऱ्या तीन आकृत्या: ए, ई आणि जी. खाली मजकूर साधारण असा की ही एक कॉर्ड, ही दुसरी, ही तिसरी, आता बँड काढा. रॉक अँड रोलकडे तीन कॉर्ड पहिल्यापासून होत्या. त्या तीन कोणत्या, हे शेजारच्याला कागदावर काढून देणं नवीन होतं.

मग ही लाट संगीताकडून पैशाकडे सरकली, आणि इथे मला पंकमध्ये खरी नैतिक हिंमत दिसते. डेस्परेट बायसिकल्स या बँडनं १९७७ मध्ये पहिली रेकॉर्ड काढली तेव्हा खर्च आला १५३ पाउंड. त्यांनी तो आकडा जाहीर करून टाकला. स्क्रिटी पोलिटीनं १९७८ मध्ये आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर हिशेबच छापला: रेकॉर्डिंगला इतके, मास्टरिंगला इतके, प्रेसिंगला इतके, लेबलं छापायला इतके. वाण्याच्या यादीसारखा. हातात ती रेकॉर्ड पडलेल्या कुठल्याही मुलाला पुढचा विचार आपोआप सुचणार: एवढ्यात होतं होय? एवढे तर आपण चौघे मिळून जमवू.

माझ्या पहिल्या नोकरीच्या ऑफर लेटरमध्ये एक कलम होतं: आपला पगार सहकाऱ्यांना सांगू नये. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, असं कलम घालणाऱ्या ढिगानं आहेत. ते कलम कुणाच्या फायद्याचं हे कळायला फार डोकं लागत नाही. आकडा झाकलेला असला की प्रत्येकाला वाटतं, आपल्याला मिळतंय ते आपल्या लायकीचं असेल. कामाची रीत झाकलेली असली की वाटतं, समोरच्याकडे दैवी देणगी आहे. आपल्याकडे शिष्यापासून चीज लपवून ठेवणाऱ्या उस्तादांच्या आख्यायिका आपण कौतुकानं सांगतो. मला त्या ऐकताना शिष्याचंच वाईट वाटतं.

अर्थात लपवणारा प्रत्येकजण दुष्ट असतो असं नाही. ज्याच्याकडे हातातल्या विद्येशिवाय काही नाही, त्यानं ती उधळून टाकावी असं म्हणायला पोट भरलेला माणूस लागतो. ओपन सोर्सवाल्या आमच्यातही हा प्रश्न कायम आहे: रात्री जागून फुकट लिहिलेल्या कोडवर कुणा तिसऱ्याचा धंदा उभा राहतो तेव्हा उदार कोण आणि बावळट कोण? याचं उत्तर मला पंकमध्ये पूर्ण मिळत नाही. पण आपला खर्च उघड करणं आणि आपली मजुरी सोडून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र तिथे फार चांगलं कळतं. त्याकडे येतो.

त्याआधी एक अडचण. 'कुणीही करू शकतं' हे वाक्य ऐकायला गोड आहे. त्यातला 'कुणीही' कोण? डेट्रॉइटचे हॅकनी बंधू, डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस. काळी मुलं. काळ्या वस्तीत तेव्हा फंक आणि सोल चालायचं. यांनी 'द हू' आणि अॅलिस कूपर ऐकून जोरदार रॉक वाजवायला घेतलं. वडील अपघातात गेल्यावर डेव्हिडनं बँडचं नाव ठेवलं 'डेथ'. १९७५ मध्ये त्यांनी सात गाणी रेकॉर्ड केली. आज ऐकली तर रमोन्सच्या आधी कुणीतरी हे करत होतं यावर विश्वास बसत नाही. कोलंबिया कंपनीला रस होता, पण नाव बदला म्हणाले. डेव्हिड नाही म्हणाला. १९७६ मध्ये त्यांनी स्वतःच एका गाण्याच्या ५०० प्रती काढल्या. म्हणजे बझकॉक्सनी पुढे जे केलं तेच, त्यांच्याआधी. आणि काहीही झालं नाही. टेप माळ्यावर गेल्या. डेव्हिड २००० मध्ये वारला. २००९ मध्ये ड्रॅग सिटी या लेबलनं ती सात गाणी अल्बम म्हणून काढली आणि जगाला कळलं.

फरक कुठे पडला? रंगाचा पडला, उघड आहे; काळ्यांनीच जन्माला घातलेलं संगीत काळ्या मुलांनी वाजवू नये अशी अजब अपेक्षा तोवर तयार झाली होती. पण आणखी एक गोष्ट होती. 'स्पायरल स्क्रॅच' छापून झाली तेव्हा लंडनमध्ये रफ ट्रेड नावाचं रेकॉर्डचं दुकान वर्षभर चालू होतं आणि त्यांनी ती विकायला घेतली. तिच्याबद्दल लिहिणारी हातबनावटीची मासिकं होती. हॅकनी बंधूंच्या आसपास यातलं काहीच नव्हतं. 'डू इट युअरसेल्फ' या घोषणेतलं 'स्वतः' फसवं आहे. ज्यांना ते जमलं त्यांना कुणीतरी शेजारी होतं म्हणून जमलं. नकार देण्याचा करारीपणा डेव्हिड हॅकनीकडे कुठल्याही पंकपेक्षा कमी नव्हता. म्हणून पंक म्हणजे नकार, हे उत्तर मला पटत नाही. नुसता नकार माळ्यावर जातो.

आता पैशाचं भांडण. जानेवारी १९७७ मध्ये द क्लॅशनं सीबीएस कंपनीशी एक लाख पाउंडांचा करार केला आणि 'स्निफिन ग्लू'च्या मार्क पेरीनं जाहीर केलं की त्याच दिवशी पंक मेलं. हा बहुधा पंकचा सगळ्यात लवकर झालेला अंत्यविधी. पुढे याच क्लॅशनं 'लंडन कॉलिंग' हा दोन रेकॉर्डचा अल्बम एकीच्या भावात विकायला लावला, आणि १९८० मध्ये 'सँडिनिस्टा!' हा तीन रेकॉर्डचा अल्बम स्वस्त राहावा म्हणून पहिल्या दोन लाख प्रतींवरच्या रॉयल्टीवर पाणी सोडलं. मग विकले गेले की नाही गेले? मला वाटतं हा प्रश्नच आळशी आहे. कोण खरा पंक आणि कोण खोटा याची जात-पडताळणी करत बसणं हा पंकमधला सगळ्यात कंटाळवाणा खेळ, आणि तो आजही जोरात आहे.

तरीही एक उदाहरण मला सोडवत नाही. कॅलिफोर्नियात बर्कलीला ९२४ गिलमन स्ट्रीट नावाची जागा आहे. १९८६ च्या शेवटच्या दिवशी सुरू झाली. स्वयंसेवक चालवतात, सगळ्या वयाच्या मुलांना प्रवेश, आणि एक नियम: मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला इथे वाजवता येणार नाही. ग्रीन डे याच जागेत वाढले. १९९३ मध्ये त्यांनी रीप्राइजशी करार केला, पुढच्या वर्षी 'डूकी' आला, एकट्या अमेरिकेत एक कोटीच्या वर प्रती गेल्या, आणि ज्या स्टेजवर ते शिकले ते त्यांना बंद झालं. २०१५ मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी ते तिथे परत वाजवू शकले.

दार सगळ्यांना उघडं म्हणायचं आणि घरच्याच पोरांना बाहेर ठेवायचं, हा दुटप्पीपणा नाही का? बराच काळ मला तसं वाटत असे. आता वाटतं, गिलमनचं बरोबर होतं आणि ग्रीन डेचंही काही चुकलं नव्हतं. स्टेज एक, शनिवार आठवड्यातून एकदा. ज्यांना स्टेडियम मिळतं त्यांनी तो शनिवार घेतला, तर ज्याला दुसरी जागाच नाही तो कुठे जाणार? दार उघडं ठेवायलाही कुणीतरी उंबऱ्यावर उभं राहावं लागतं. त्या माणसाला वाईटपणा येतो. तो घ्यायची तयारी असणं ही मला बंडापेक्षा अवघड गोष्ट वाटते.

उंबऱ्यावर उभं राहणाऱ्यांत माझा सगळ्यात आवडता इयन मकाय. वॉशिंग्टन डीसीचा. १९८० मध्ये शाळकरी वयातल्या बँडची एक रेकॉर्ड काढायची म्हणून त्यानं मित्रांसोबत डिस्कॉर्ड हे लेबल काढलं. कव्हरं कापून, दुमडून, चिकटवून हातानं बनवली. ते लेबल आजही आहे. पुढे मायनर थ्रेट या बँडमध्ये त्यानं ४५ सेकंदांचं एक गाणं लिहिलं, दारू आणि ड्रग्ज आपल्याला नकोत असं सांगणारं. त्या गाण्याच्या नावावरून 'स्ट्रेट एज' नावाचा पंथच निघाला, नियम आणि खुणांसकट. मकाय सांगून थकला की मी माझ्यापुरतं बोललो होतो. स्वातंत्र्याचं नियमपुस्तक व्हायला ४५ सेकंद पुरतात.

१९८७ मध्ये त्याचा फुगाझी हा बँड सुरू झाला. तिकीट साधारण पाच डॉलर, सगळ्या वयाच्या मुलांना प्रवेश, टी-शर्ट विक्री नाही. कुणी गर्दीत मारामारी करू लागला तर गाणं थांबवून त्याला बाहेर काढायचे आणि पाकिटात पाच डॉलर घालून परत द्यायचे. हे पाकीट मला फार आवडतं. त्यात उपदेश नाही, अपमानही नाही. तुझा-माझा व्यवहार इथे संपला, हे तुझे पैसे. बँड प्रामाणिक आहे की नाही हे ठरवायला त्यांच्या मनात डोकवायची गरजच नाही, आकडा दारावर लिहिलेला आहे. विशीतल्या मुलांनी बारमध्ये जगबदलाची गाणी म्हणणं सोपं. पाच डॉलरात दौरा चालवायचा तर हॉटेल टाळावं लागतं, कामं स्वतः करावी लागतात, आणि हे वर्षानुवर्षं.

मग ज्याला पैसे घ्यायचेच आहेत त्यानं काय करावं? याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर स्टीव्ह अल्बिनीकडे आहे. १९९३ मध्ये त्यानं 'द बॅफलर'मध्ये एक लेख लिहिला आणि मोठ्या कंपनीशी करार केलेल्या एका काल्पनिक बँडचा हिशेब मांडला. अडीच लाख प्रती खपल्या, संगीताच्या धंद्यानं एकूण ३० लाख डॉलरहून जास्त कमावले, रेकॉर्ड कंपनीला ७ लाख १० हजार मिळाले. बँडमधल्या प्रत्येकाच्या हाती आले चार हजार. पुन्हा तीच वाण्याची यादी, फक्त या वेळी उलट बाजूनं.

त्याच वर्षी निर्व्हानानं, म्हणजे तेव्हाच्या जगातल्या बहुधा सगळ्यात मोठ्या बँडनं, 'इन युटेरो' अल्बम रेकॉर्ड करायला त्याला बोलावलं. मोठे निर्माते अशा कामात खपावर टक्का घेतात. अल्बिनीनं पत्र लिहून कळवलं की टक्का मला अनैतिक वाटतो. गाणी तुमची, मला प्लंबरसारखी माझ्या कामाची मजुरी द्या. त्यानं एक लाख डॉलर घेतले. ते काही थोडे नव्हेत, आणि त्यानं फुकट काम करतो असा आवही आणला नाही. पण अल्बम लाखांनी खपला आणि पुढचा पैसा त्यानं नाकारला तो नाकारलाच. मे २०२४ मध्ये तो गेला, तोवर तो शिकागोच्या आपल्या स्टुडिओत रोजंदारीच्या दरानंच काम करत होता. तरुणपणी दचकवण्याच्या नादात तो बरंच हीन बोलला-लिहिला होता, त्याबद्दल उतारवयात त्यानं उघडपणे स्वतःला दोषी धरलं. (जॉनी रॉटननं २००८ मध्ये लोण्याची जाहिरात केली, तेव्हा लोक चिडले. मला तर ती विनोदी वाटते.)

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. आज लॅपटॉपवर गाणं बनतं, संध्याकाळी अपलोड होतं, परवानगी कुणाची लागत नाही. सुरू करण्याचं दार खरंच उघडलं आहे, आणि त्यात पंकचा वाटा आहे असं मी मानतो. पण तुम्ही-मी गाणी ऐकतो त्या फोनवर कव्हरला मागची बाजूच नसते. एक चौकोनी चित्र, खाली नाव, खाली किती मिनिटं. हे गाणं माझ्यापुढे कुणी आणलं, का आणलं, ते एकदा ऐकल्याचे कुणाला किती मिळाले, यातलं काहीच त्या चौकोनावर छापलेलं नाही. परवानगी मागायची खिडकी गेली. हिशेबाचा कागद मात्र पुन्हा कपाटात गेला.

फुगाझीनं २००२ नंतर जाहीर कार्यक्रम केलेला नाही. पण त्यांच्या ध्वनितंत्रज्ञांनी जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम टेप करून ठेवला होता. त्यातले आठशेच्या वर कार्यक्रम डिस्कॉर्डच्या संकेतस्थळावर आहेत. सुचवलेली किंमत पाच डॉलर, पण एक ते शंभरमधला आकडा तुम्ही स्वतः टाकू शकता. काही रेकॉर्डिंग घाण आहेत, कुठे गिटार बेसूर, कुठे मध्येच मकाय कुणाला तरी ढकलाढकली थांबव म्हणून समजावतोय. प्रत्येक कार्यक्रमाच्या पानावर तारीख असते, जागा असते, टेप कुणी केली ते असतं. आणि खाली ठरलेल्या दोन नोंदी: त्या रात्री दारावर तिकीट किती होतं आणि माणसं किती आली होती.